दोन उतारे

आमच्या कासारवाडीत ‘उतारा’ या शब्दाला तीन अर्थ होते. तिन्हीसांजेला पोराची दृष्ट काढून भाकरतुकडा तिवाठ्यावर टाकायचा, तो एक उतारा. तलाठ्याकडून आणायचा, तो सातबाराचा उतारा. आणि शाळेत गेल्यावर कळला तो तिसरा. इंग्रजीच्या पेपरात पंधरा-वीस ओळींचा मजकूर असायचा, खाली प्रश्न असायचे, तोही उताराच. दृष्टीचा उतारा ओलांडायला पोरं भ्यायची. बाकीच्या दोन उताऱ्यांना मात्र अख्खं घर भ्यायचं. या दोन उताऱ्यांचं एकमेकांशी काय नातं आहे, हे मला पुढे पस्तीसेक वर्षं इंग्रजी शिकवताना हळूहळू उमगत गेलं. त्याचीच ही हकिगत आहे.

कासारवाडी म्हणजे पुणे-मुंबई रस्ता, रेल्वे आणि पवना नदी यांच्या शेजारचं गाव. पुण्याच्या अंगाला फुगेवाडी, दापोडी आणि तिथल्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाची लांबच लांब हद्द. मुंबईच्या अंगाला पिंपरी. नदीपलीकडे पिंपळे गुरव. नाशिकचा रस्ता इथूनच फुटतो म्हणून ‘नाशिक फाटा’. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आलं. त्यानंतर पिंपरी, चिंचवड, भोसरीचे माळ बघता बघता पत्र्यांनी झाकले गेले. १९७० साली पिंपरी-चिंचवडला नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. बाजरी काढणारी माणसं जागच्या जागीच शहरवासी झाली.

माळ जायला लागले तशी घराघरात एकच भाषा सुरू झाली, “जमीन गेली तर जाऊ दे, पोराला कंपनीत चिकटवू.” पण कंपनीच्या गेटवर सातबारा चालत नव्हता. तिथं विचारायचे, “दहावी पास का?” आयटीआयला जायचं तरी तेच. आणि दहावी अडायची ती दोन विषयांत, गणित आणि इंग्रजी. इंग्रजीतही निबंध पाठ करता यायचा, पत्राचा साचा ठरलेला, व्याकरणाचे नियम घोकता यायचे. न पाहिलेला उतारा, ज्याला आम्ही ‘अनसीन’ म्हणायचो, तो मात्र कुठल्याच गाइडात सापडत नव्हता.

ही भीती आमच्या पिढीपुरती नव्हती. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. ती पास झालेल्या मोजक्या मुलांत महादेव गोविंद रानडे होते. त्याच्या आधीच, १८४०च्या दशकात, मुंबई इलाख्यात शिक्षण कुठल्या भाषेत द्यावं यावर मोठा वाद झाला होता. सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे, तर जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूचे. इकडे पुण्यात सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ सालच्या ‘काव्यफुले’त शूद्र-अतिशूद्रांच्या मुलांनी इंग्रजी शिकावं म्हणून कविताच लिहिली. वरच्या लोकांच्या हाती इंग्रजी आलं तर खालच्यांनी का मागं राहायचं, हा प्रश्न तेव्हाच विचारून झाला होता.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारनं १९४८च्या सुमारास पाचवी ते सातवीचं इंग्रजी काढलं. आठवीपासून इंग्रजी सुरू व्हायचं. मातृभाषेत मुलाचा पाया पक्का व्हावा, हा त्यामागचा विचार. विचार चांगलाच होता. पण शहरातल्या सुशिक्षित घरात इंग्रजी घरीच शिकवलं जायचं, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला कपाटात असायची. आमच्याकडे आठवीत पहिल्यांदा ए-बी-सी-डी गिरवायची आणि अकरावीला बोर्डाच्या परीक्षेत उतारा सोडवायचा. चार वर्षांत एवढी चढण. माझ्या चुलत्यांच्या वयाची किती माणसं त्या चढणीवर बसली ती पुन्हा उठलीच नाहीत. पुढे इंग्रजी परत पाचवीत आलं, त्यामुळे माझी सुरुवात पाचवीत झाली.

तेव्हा निकाल लागला की गावात शब्द ऐकू यायचा ‘वारी’. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की आमच्याच रस्त्यानं पुण्याला जाते, ती आषाढीची वारी. आणि मार्चमध्ये इंग्रजी राहिलेल्या पोरांची ती ऑक्टोबरची वारी. कुणाच्या तीन वाऱ्या, कुणाच्या पाच. लोक हसायचे, पोरंही हसायची. पण ही वारी फक्त मुलांना मिळायची. माझी थोरली बहीण सगळ्या विषयांत पास होती, इंग्रजीत थोडक्यात राहिली. तिला ऑक्टोबर दाखवलाच नाही. त्या मार्गशीर्षात तिचं लग्न झालं. एका उताऱ्याचे मार्क म्हणजे काय, हे मला त्या मांडवात कळलं.

मी १९७९ साली दहावीला होतो. अनसीनवर गावात एक रामबाण इलाज होता. वरच्या वर्गातली पोरं खालच्यांना शिकवायची. प्रश्नातला मोठा शब्द धरायचा, तोच शब्द उताऱ्यात शोधायचा, आणि मागच्या टिंबापासून पुढच्या टिंबापर्यंत सगळं वाक्य उतरवायचं. ‘व्हाय’ असेल तर ‘बिकॉज’ शोधायचं. ‘व्हेन’ असेल तर आकडा. ‘हू’ असेल तर मोठ्या अक्षरानं सुरू होणारं नाव. उताऱ्याला शीर्षक द्या म्हटलं की पहिल्या ओळीतलं नाव ठोकून द्यायचं. स्पेलिंग चुकायची भीती नाही, कारण ते समोर छापलेलंच. या इलाजावर कितीतरी पोरं पस्तीस मार्कांच्या पार झाली. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पुरातून जाणाऱ्याला होडी सागवानाची आहे की बाभळीची, हे बघायची फुरसत नसते.

आमचे इंग्रजीचे सर पुण्याहून यायचे. १९७८ साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली तेव्हापासून ते लोकलनं कासारवाडीला उतरायचे आणि शाळा सुटल्यावर परतीच्या गाडीपर्यंत आम्हाला उतारे सोडवायला बसवायचे. एके दिवशी त्यांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं, “द टिंबू लोप्ड द मरगट बिकॉज इट वॉज फिंडी.” खाली प्रश्न लिहिला, “व्हाय डिड द टिंबू लोप द मरगट?” सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “बिकॉज इट वॉज फिंडी!” सर म्हणाले, “शाब्बास. पैकीच्या पैकी मार्क. आता टिंबू म्हणजे काय ते सांगा.” वर्ग गप्प. ते सगळे शब्द सरांनी मनानं रचलेले होते. जगात कुठेच नसलेल्या वाक्याचं बरोबर उत्तर आम्ही सगळ्यांनी दिलं होतं.

मग त्यांनी आपली रीत सांगितली. उतारा समोर आला की खालचे प्रश्न कोऱ्या कागदानं झाकायचे. उतारा दोनदा वाचायचा. अडलेल्या शब्दाखाली फक्त रेघ मारायची, थांबायचं नाही. मग पुस्तक मिटून काय झालं ते मराठीत सांगायचं, घरी आईला सांगतो तसं. त्यानंतर कागद काढायचा. एका उताऱ्यात पाऊस न पडल्यामुळे म्हाताऱ्या शेतकऱ्यानं बैल विकले असं होतं. प्रश्न नेहमीचाच, बैल का विकले? त्याचं उत्तर झाल्यावर सरांनी विचारलं, “मग पुढल्या साली नांगरट कशानं केली असेल?” हे पुस्तकात नव्हतं. पण मागच्या बाकावरचा, इंग्रजीत कधी तोंड न उघडणारा पोरगा म्हणाला, “गाववाल्यांनी इर्जिक घातली आसंल.” सर खूश झाले. म्हणाले, “हा उतारा खरा याला कळला.”

हे मी घरी सांगितलं तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, “त्यात काय, आमी सातबारा असाच वाचतो.” आबा चौथी शिकलेले. पण सातबारा हातात घेतला की त्यांचं बोट कसं फिरायचं ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. आधी गाव आणि गट नंबर. मग क्षेत्र, त्यातला पोटखराबा किती, लागवडीचं किती. मग भोगवटादाराची नावं. नावाला कंस पडलाय का ते बघायचं, कारण कंस पडला म्हणजे तो माणूस त्या जमिनीतून गेला. शेजारी फेरफाराचा नंबर. मग ‘इतर अधिकार’ हा रकाना. आबा म्हणायचे, “नावाला समदे बघत्यात. खरी गोम हितं आस्ती.” सोसायटीचं कर्ज, विहिरीचा हिस्सा, कुळाचा हक्क, सगळं त्याच रकान्यात. शेवटी बारा नंबरच्या नमुन्यात पीक काय लावलंय ते. आणि हे सगळं झाल्यावर ते कागद खाली ठेवून विचार करायचे, कागदावर काय नाही? बांधावरचं आंब्याचं झाड लिहिलंय का? बहिणीचं नाव आलंय का?

भोसरीच्या अंगाचं आमचं माळरान संपादनात गेलं, तेव्हाचा फेरफार आबांना तोंडपाठ होता. आजोबांच्या नावाला कंस पडलेला तो उतारा त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला होता. समजून वाचणं म्हणजे काय, हे शिकायला आमच्या घराला इंग्रजीची गरज नव्हती. ते घरात होतंच. फक्त सातबाराचं वाचणं आणि शाळेचं वाचणं एकच आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे पोरगं शाळेत गेलं की घरचं वाचणं दाराबाहेर ठेवून जायचं.

त्याची किंमत काय, ते माझ्या चुलतभावाच्या बाबतीत दिसलं होतं. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. १९७५ साली तो जुन्या अकरावीला होता. त्याच वर्षी नव्या आकृतिबंधाची पहिली दहावीही बसली. दोन वर्षांची पोरं एकदम बाहेर पडली आणि गेटवर गर्दी दुप्पट झाली. दादा पस्तीसच्या इलाजानं इंग्रजी काढून पास झाला होता. दीड वर्षानं त्याला एका कारखान्यातून पत्र आलं. वाड्यातल्या चार शिकलेल्या पोरांनी ते वाचलं. ‘अपॉइंटेड’ सापडलं, ‘सर्व्हिस’ सापडलं, पगाराचा आकडा सापडला. चुलतीनं पेढे वाटले. तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, दादासाठी मुलगी बघायला सुरुवात केली.

आठवड्यानं दादा ते पत्र घेऊन सरांकडे गेला, तोही पेढे द्यायला. सरांनी पत्र शांतपणे वाचलं आणि खालच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. नेमणूक सात महिन्यांची होती, आणि मुदत संपली की सेवा आपोआप संपणार होती. वेगळी नोटीस येणार नव्हती. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवस काम झालं की ती वर्षाची सलग सेवा धरायचे. सात महिने म्हणजे साधारण २१० दिवस. हा हिशेब आमच्या पट्ट्यातल्या हजारो पोरांनी पुढं अंगावर भोगला. ‘सात महिने काम, मग ब्रेक’ हा तर इथला बोलण्यातला शब्दच झाला. दादाला त्या पत्रातला जवळजवळ प्रत्येक शब्द सुटा सुटा येत होता. पण त्या उताऱ्याखाली प्रश्न छापलेले नव्हते. कुठला शब्द धरून शोधायचं, ते कुणी सांगितलेलं नव्हतं. ‘इतर अधिकार’चा रकाना वाचायचा राहून गेला होता.

मी पुढे बी. एड. केलं. तिथं मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षकाचं नाव पहिल्यांदा ऐकलं. १९२०च्या दशकात हा माणूस ढाक्याला शिक्षकांना शिकवायचा. बंगाली मुलांना सगळ्यात आधी इंग्रजी वाचून समजायला शिकवा, बोलणं-लिहिणं मागून येईल, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी त्यानं मोजक्या शब्दांची वाचनमाला तयार केली. १९५३ साली त्यानं सुमारे २००० नेहमीच्या शब्दांची यादी छापली, ती जगभर वापरली गेली. त्याची एक गोष्ट मला फार पटली. तो विचारायचा, शाळा मध्येच सोडणाऱ्या मुलाच्या हाती काय राहतं? त्यासाठी त्यानं विम्यातला शब्द वापरला, ‘सरेंडर व्हॅल्यू’. पॉलिसी मध्येच मोडली तरी काहीतरी रक्कम हाती येते, तसं शिक्षण मध्येच सुटलं तरी काहीतरी हाती राहिलं पाहिजे. मला बहिणीची आठवण झाली. सहा वर्षं इंग्रजी शिकून तिच्या हाती काय राहिलं होतं? पाठ केलेला गाईवरचा निबंध.

१९८७ साली मला खेड तालुक्यात, चाकणच्या बाजूला नोकरी लागली. तेव्हा चाकण म्हणजे कांद्याचा बाजार. शनिवारी वर्ग अर्धा रिकामा, कारण पोरं बापाबरोबर बाजाराला. नव्वदच्या दशकात तिथंही एमआयडीसी आली. १९९९ साली बजाजचा कारखाना सुरू झाला, २००९ साली फोक्सवॅगनचा. कासारवाडी-भोसरीत लहानपणी जे बघितलं तेच मी पुन्हा, आता मास्तर म्हणून, बघत होतो. पुन्हा सातबाऱ्यावर कंस पडत होते, पुन्हा घराघरात तीच भाषा, “पोराला कंपनीत चिकटवू.” आणि वर्गात पुन्हा तोच इलाज, शब्द धरा, वाक्य उतरवा.

तेव्हा मी एक गोष्ट सुरू केली. दहावीच्या वर्गात पहिला उतारा इंग्रजी घ्यायचाच नाही. सातबाराचा कोरा नमुना घ्यायचा, त्यात मनानं रचलेली नावं आणि आकडे भरायचे, आणि खाली प्रश्न द्यायचे. जमीन कुणाची? किती? नाव कधी लागलं? कुणाचं कमी झालं? बोजा कुणाचा? आणि शेवटचा प्रश्न आबांचा, कागदावर काय नाही? शेतकऱ्यांची पोरं हे पटापटा सोडवायची. डॉक्टरांचा किंवा मास्तरांचा मुलगा त्यांच्याकडून समजून घ्यायचा. मग दुसऱ्या दिवशी इंग्रजी उतारा, आणि तेच प्रश्न. कोण? काय? किती? कधीपासून? कुणाचं काय गेलं? काय सांगितलेलं नाही? तिसऱ्या आठवड्यापर्यंत पोरं कागदानं प्रश्न झाकायला आपणहून शिकायची.

२००० सालच्या जूनपासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. तेव्हाचे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे आमच्याच भागातले, एकेकाळी खेड मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेलेले. त्या निर्णयावर खूप टीका झाली. कोवळ्या पोरांवर ओझं पडेल, मराठी मागं पडेल, असं जाणती माणसं म्हणाली. पण माझ्या वर्गातल्या पालकांना आनंद झाला होता. साहेबाचं पोरगं पहिलीपासून शिकतं तर आमचं का नको, हा त्यांचा सवाल सावित्रीबाईंच्याच सवालाच्या वाटेवरचा होता. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं तर तो खोडायची मला इच्छाही नव्हती. मात्र पहिलीपासून शिकलेली ती पोरं माझ्याकडे दहावीला आली, तेव्हा त्यांना शब्द जास्त येत होते, उच्चार चांगले होते, आणि उताऱ्यावर इलाज तोच चालू होता. सुरुवात कितवीत करायची यावर आपण दीडशे वर्षं भांडलो. वाचलेलं कळलं का, यावर तेवढं भांडलो नाही.

अलीकडे परीक्षा बदलली. ऑक्टोबरची वारी २०१५ पासून जुलैत आली, त्यामुळे पोराचं वर्ष वाचलं. २०१९च्या मार्चला दहावीला नव्या अभ्यासक्रमाची कृतिपत्रिका आली. उताऱ्याखाली आता तक्ते भरायचे असतात, घटनांचा क्रम लावायचा असतो, आणि ‘तुमचं मत लिहा’ असाही प्रश्न असतो. हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर उताऱ्यातून उतरवता येत नाही. अर्थात क्लासवाल्यांनी त्यावरही दोन ओळींचं तयार मत काढलंय, कुठल्याही उताऱ्याला चालेल असं.

२०१२च्या सुमारास माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. वडिलांची जमीन गेलेली, पैसे भावाच्या गाडीत आणि बंगल्यात संपलेले. तिला नोकरीचं पत्र आलं होतं. मी हात पुढं केला तर म्हणाली, “सर, वाचून दाखवायला नाही आले, वाचलंय.” आणि तिनंच मला सांगितलं. वर कंपनीचं नाव नाही, ठेकेदाराचं आहे. मुदत अकरा महिन्यांची. रात्रपाळीला गाडी मिळेल की नाही ते लिहिलेलंच नाही, ते विचारायला पाहिजे. मी विचारलं, “मग जाणार का?” म्हणाली, “जाणार. घर चालवायचंय. पण काय सही करतेय ते ठाऊक आहे. आणि गाडीचं लिहून घेतल्याशिवाय सही करणार नाही.” तिची नोकरी दादाच्या नोकरीपेक्षा पक्की नव्हती. वाचता आलं म्हणून जग बदललं नाही. पण पेढे वाटायचे की प्रश्न विचारायचे, हे तिचं तिला ठरवता आलं.

मी २०२१ साली निवृत्त होऊन कासारवाडीला परत आलो. आता गावावरून मेट्रो जाते. शेत कुठं होतं ते नव्या माणसाला दाखवता येत नाही. जुन्या वाड्यांच्या जागी भाड्याच्या खोल्या आहेत, आणि त्यांत लातूर, बीड, बुलढाण्याकडून आलेली कुटुंबं राहतात. बाप ठेक्यावर, आई धुण्याभांड्याला, पोरं दहावीला. त्यांचा सातबारा तिकडे गावाकडे आहे. आता तो मोबाइलवर निघतो, आणि पोरंच तो बापाला काढून देतात. संध्याकाळी आठ-दहा जण माझ्याकडे उतारे सोडवायला येतात. पहिल्या आठवड्यात प्रत्येकानं घरातला एक कागद आणायचा असा नियम आहे: लाइटबिल, भाडेकरार, आईच्या दवाखान्याचा कागद, काहीही. एकानं गावाकडचा सातबारा आणला, त्यावर आजोबांचं नाव अजून तसंच होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून तो वाचला. वारसनोंद राहिलीय हे त्यालाच आधी दिसलं. दिवाळीत गावी गेल्यावर तलाठ्याला भेटणार आहे म्हणतो.

परीक्षेला अजून पाच महिने आहेत. सध्या आमचा सातवा उतारा चालू आहे, एका नदीच्या पुराचा आहे. दोनदा वाचून झालाय, खालचे प्रश्न अजून झाकलेलेच आहेत.